नाकामुराचे रिकॅप व्हिडिओ, आणि ते इंजिन लावून बघणारे आपण

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. अमेरिकेचा बुद्धिबळपटू हिकारू नाकामुरा मोठ्या स्पर्धेत राउंड संपला की स्वतःच्या डावाचा जो व्हिडिओ युट्यूबवर टाकतो ना, रिकॅप म्हणतात त्याला, त्याचा हा रिव्ह्यू. 2022 ची माद्रिदची कँडिडेट्स चालू होती तेव्हापासून मी हे बघतेय, 2024 ला टोरांटोची झाली तेव्हा तर एकही राउंड सोडला नाही. आणि नुसता व्हिडिओ कसा आहे एवढंच नाही, तो बघून आपण बघणारे लोक काय बोलतो यावरही मला बोलायचंय, कारण इतकी चांगली वस्तू फुकट हातात पडलीये आणि बरेच जण ती उलटी धरून वापरतायत असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कँडिडेट्स म्हणजे आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकूण 14 राउंड, आणि जो पहिला येतो तोच जगज्जेत्याला आव्हान देणार. अशा स्पर्धेत सहसा खेळाडू पत्रकारांशी दोन शब्द बोलतात आणि खोलीत जाऊन उद्याच्या तयारीला लागतात, तोंड उघडलं की उद्याच्या प्रतिस्पर्ध्याला काहीतरी कळणार ही भीती असतेच. आणि हा माणूस, 15 व्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला, पाच वेळा अमेरिकेचा चॅम्पियन, चार-पाच तास डोकं पिळून येतो आणि कॅमेऱ्यासमोर बसून आजचा डाव पहिल्या चालीपासून उलगडून दाखवतो. हरलेला असला तरी. हे मला अजूनही फार मोठं वाटतं. स्पर्धा संपल्यावर वर्षभराने शांतपणे डाव समजावून सांगणारे पुष्कळ आहेत, पण जखम ओली असताना सांगणारा, आणि तो पण स्वतः पटावर बसलेला, असा मिळत नाही.

व्हिडिओत तसं बघितलं तर काही विशेष नसतं. पट, रंगीत बाण, आणि त्याचं बोलणं, जे प्रचंड वेगात असतं, घोडा इथे गेला की हत्ती तिथे, मग मारामारी, मग मारामारी, मग परत मूळ स्थितीत, आणि एवढं सगळं होईपर्यंत आपण अजून पहिल्या घोड्यापाशीच असतो. पण ते ऐकत ऐकत दोन-तीन राउंड गेले की कान तयार होतो आणि मग लक्षात येतं की तो चाली सांगतच नाहीये, तो विचार सांगतोय. तयारी इथपर्यंत होती, इथून पुढे स्वतः विचार करायला लागलो, ही चाल समोरच्याने खेळली ती मला अपेक्षित नव्हती, इथे मला आपलं बरं वाटत होतं, इथे घड्याळाकडे बघितलं. हा जो भाग आहे तो कुठल्याही इंजिनमध्ये, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये नाही, कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही, डावाची नोटेशन, म्हणजे लिहून ठेवलेल्या चाली, शंभर वेळा खेळून बघितली तरी मिळणार नाही.

घड्याळाचं तर मी मुद्दाम वेगळं लिहिते कारण मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. टोरांटोला पहिल्या 40 चालींसाठी 120 मिनिटं होती आणि त्या 40 चालींमध्ये वाढीव सेकंद नव्हते, 40 झाल्या की आणखी 30 मिनिटं आणि 41 व्या चालीपासून प्रत्येक चालीला 30 सेकंद. म्हणजे काय, तर 33 व्या चालीला तुमच्याकडे चार मिनिटं उरली असतील तर त्या चार मिनिटांतच उरलेल्या आठ चाली संपवायच्या, खेळलात म्हणून एक सेकंदसुद्धा परत मिळणार नाही. आपण ऑनलाइन खेळतो तिथे बहुतेक वेळा चाल केली की दोन-पाच सेकंद मिळतात, त्यामुळे ही घुसमट आपल्याला कळतच नाही. मी आधी असे डाव बघताना 35 व्या चालीची चूक बघून चक् करायचे. आता आधी बघते की घड्याळात किती उरले होते. हे मला रिकॅप बघूनच शिकायला मिळालं, कारण चाल आणि वेळ तो एकाच श्वासात सांगतो.

आता बघणाऱ्यांबद्दल.

आमचा सहा जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे बुद्धिबळवेडे, पातळी साधारण क्लबची, त्यात एक काका आहेत जे आमच्या सगळ्यांपेक्षा मोठे आणि सगळ्यांपेक्षा चांगले खेळतात. टोरांटोला दुसऱ्या राउंडला विदित गुजराथीने नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं तो दिवस आम्ही कोणीच विसरणार नाही. बर्लिन डिफेन्स नावाची सुरुवात, जिला लोक कंटाळवाणी म्हणतात, आणि त्यात विदितने सरळ एच3 या घरावर उंटाचा बळी दिला. नाकामुरा क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावांत, त्याआधी सलग 47 डाव हरला नव्हता. ती मालिका तिथे तुटली. ग्रुपवर आनंदीआनंद, साहजिक आहे, आपल्या माणसाने केलेलं, मी पण नाचले. पण थोड्या वेळाने एकाने स्क्रीनशॉट टाकला, त्या इव्हॅल्युएशन बारचा, म्हणजे इंजिनच्या मते डाव कोणाकडे झुकलाय ते दाखवणाऱ्या पट्टीचा, काळ्याच्या बाजूला किती गेलाय ते दाखवणारा, आणि खाली लिहिलं की एवढं तर मला पण दिसलं असतं, ग्रँडमास्टरला कसं दिसलं नाही.

मला त्याचा राग आला आणि अजूनही थोडा आहे. तुला दिसलं नसतं रे. बार दिसला तुला, चाल नाही दिसली. बार म्हणजे कोणीतरी कानात येऊन सांगणं की आत्ता या क्षणी काहीतरी आहे, शोध. पटावर बसलेल्या माणसाच्या कानात कोणी येत नाही. त्याला 40 चालींपैकी कुठल्या चालीवर थांबून शोधायचं हे पण स्वतःच ठरवायचं असतं, आणि हेच तर खरं कठीण काम आहे.

आणि बारचा अर्थ तरी आपल्याला नीट माहिती आहे का? स्टॉकफिश नावाच्या इंजिनचं 15.1 आलं, 2022 च्या डिसेंबरमध्ये, तेव्हापासून त्यांनी बारमागचा आकडा असा बसवलाय की +1.00 म्हणजे त्या स्थितीतून इंजिन स्वतःशीच खेळत राहिलं तर पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता 50 टक्के. इंजिन विरुद्ध इंजिन! दोन दमलेली माणसं, एकाकडे चार मिनिटं, दुसऱ्याकडे अकरा, त्यांच्याबद्दल तो आकडा काही म्हणतच नाहीये. तसंच शेवटच्या भागात टेबलबेसचं, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या साठ्याचं, पटावर राजे धरून सात मोहरी उरली की उत्तर पक्कं तयार आहे, 2018 पासून सात मोहऱ्यांपर्यंतचं सगळं सोडवून ठेवलंय, पण ते उत्तर कित्येकदा 60-70 चालींचं असतं आणि त्यातली एक चुकली की संपलं. हे माहिती असूनही आपण 'सोप्पं होतं' म्हणतो याचं मला वाईट वाटतं.

त्या राउंडचा रिकॅप मी दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर बघितला, ती 11 वर्षांची आहे, सुट्टीत आलेली. मी लाकडी पट मांडला होता आणि लॅपटॉपवर इंजिन बंद. उंट एच3 वर आला तिथे मी व्हिडिओ थांबवला. तिने आधी तो उंट उचलून मारून बघितला, जी प्यादं पुढे आलं, मग राजाकडे बघितलं, मग प्यादं परत ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, त्याला हा उंट येणार हे दिसलंच नव्हतं, का दिसलं होतं आणि चालेल असं वाटलं?"

एवढे मोठे मोठे लोक बघत होते तो डाव, आमच्या ग्रुपवर तीनशे मेसेज पडले असतील, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर रिकॅप बघताना विचारायचा प्रश्न हा एवढाच आहे. चाल चुकली हे इंजिन सांगतं. का चुकली हे इंजिनला माहितीच नाही. न दिसणं वेगळं, दिसून चुकीचा अंदाज करणं वेगळं, आणि दिसलं, अंदाज पण बरोबर होता, पण हात धजला नाही हे अजून वेगळं. तिन्हीवर औषध वेगवेगळं आहे. पहिल्यासाठी कोडी सोडवा, दुसऱ्यासाठी तसल्या स्थितीतले खूप डाव बघा, तिसऱ्यासाठी काय करायचं ते मी अजून शोधतेय. हे तीन वेगळे करून सांगू शकणारा माणूस जगात एकच असतो, जो त्या खुर्चीत बसला होता तो, आणि तो जर कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःहून सांगत असेल तर आपण बारचे स्क्रीनशॉट काय टाकत बसलोय?

आम्ही तो व्हिडिओ मागे नेऊन फक्त त्या प्रश्नासाठी परत ऐकला. मग भाचीने वहीत तीन रकाने आखले, 'दिसलं नाही', 'दिसलं पण चुकीचं वाटलं', 'दिसलं पण भीती', आणि त्यानंतर प्रत्येक रिकॅप आम्ही त्या वहीसकट बघितला. नवव्या राउंडला विदितने त्याला दुसऱ्यांदा हरवलं, एकाच स्पर्धेत दोनदा, तेव्हा तर वहीचं अख्खं पान भरलं. ती घरी गेल्यावर पण फोनवर चालू होतं आमचं. कधीतरी तिने माझं न ऐकता, न विचारता, चौथा रकाना आखला. 'दिसलं पण वेळ नव्हता.'

विश्लेषण लोकांसमोर करण्याची कल्पना काही यूट्यूबने आणलेली नाही. डाव संपला की दोघं खेळाडू तिथेच पटावर मोहरी मागे नेऊन एकमेकांना दाखवायचे, तू असं खेळला असतास तर मी काय करणार होतो, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात, आणि आजूबाजूला उभे राहून ऐकणाऱ्यांचं ते शिक्षणच असायचं. मिखाईल बोट्विन्निक, 1948 ला जगज्जेता झालेला, तो तर सांगायचाच की स्वतःच्या डावांचं विश्लेषण करा आणि छापा, म्हणजे चुकीचं लिहिलं असेल तर लोक दाखवून देतील आणि तुम्ही स्वतःला फसवू शकणार नाही. बघा, म्हणजे बघणाऱ्यांनी प्रतिक्रिया देणं हे त्या कामातच धरलेलं आहे, ती काही वरची सजावट नाही. आमच्या काकांनी एकदा एका रिकॅपमधली लाईन पटावर मांडून दोन दिवस घासली आणि ग्रुपवर लिहिलं की इथे तो जे झटकन सांगून पुढे गेला तिथे काळ्याला घोड्याची एक शांत चाल आहे, मग बघा बरं. आम्ही बघितली. होती. याला म्हणतात रिअ‍ॅक्शन. त्यांनी इंजिन शेवटी लावलं, स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर.

नॉर्वे चेस या स्पर्धेत 2015 पासून एक कन्फेशन बूथ असतं, डाव चालू असतानाच खेळाडू तिथे जाऊन कॅमेऱ्याला मनातलं सांगू शकतो, समोरच्याला ऐकू येत नाही. ते पण मला आवडतं, पण ते दोन-चार वाक्यांचं असतं. रिकॅपमध्ये अख्खा डाव मिळतो.

2022 च्या शेवटच्या राउंडबद्दल पण सांगितलं पाहिजे. माद्रिदला रशियाचा नेपोम्नियाची, म्हणजे नेपो, पहिला येणार हे ठरलंच होतं, प्रश्न दुसऱ्या नंबरचा होता, नाकामुरा काळ्याकडून डिंग लिरेनशी खेळत होता आणि ड्रॉ झाला असता तरी दुसरा आला असता. हरला. डिंग दुसरा. पंधरा-सोळा दिवसांतच, 20 जुलैला, तेव्हाचा जगज्जेता कार्लसनने जाहीर केलं की मी जगज्जेतेपदाचा सामना खेळणारच नाही, मग नेपोशी खेळायला डिंग गेला आणि 2023 ला अस्तानामध्ये टायब्रेकमध्ये जिंकून जगज्जेता झाला. एक अर्धा गुण. त्यावर लोक अजून बोलतात, आणि बोलतात काय तर 'दबावाखाली कोसळला'. एवढं एक वाक्य फेकलं की झालं का? कुठल्या चालीला, किती वेळ उरलेला असताना, कशाला घाबरून, हे काहीच न बघता? त्या स्पर्धेचे त्याचे आधीचे रिकॅप ओळीने बघा, रोज तो माणूस किती सरळपणे बोलतोय ते ऐका, आणि मग तो शेवटचा डाव पटावर मांडा. कोसळला हा शब्द तोंडात येणार नाही.

टोरांटोचा शेवट पण तसाच. गुकेश 17 वर्षांचा, शेवटच्या राउंडला काळ्याकडून नाकामुराशी, नाकामुराला जिंकणं भाग होतं आणि गुकेशने ड्रॉ काढला. दुसऱ्या पटावर अमेरिकेचा कारुआना आणि नेपो 109 चाली झगडले, कारुआनाच्या हातात आलेला डाव निसटला, ड्रॉ झाला आणि गुकेश 9 गुणांवर पहिला, बाकी तिघं साडेआठवर. डाव संपल्यावर नेपोने सॉरी म्हटलं तर कारुआना म्हणाला चूक माझीच. हा क्षण ज्यांनी बघितलाय त्यांनी तरी बार बघून कोणाला नावं ठेवू नयेत.

आता जे जमत नाही ते. वेग, आधीच सांगितलं, नवीन माणसाला झेपणार नाही, 0.75 वर लावा, मी पहिले दोन महिने तसंच बघितलं. इंग्लिश आहे आणि ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पद्धतींची, नावं धडाधड येतात, ती तो थांबून समजावत नाही, आणि ते बरोबरच आहे कारण हा वर्ग नाहीये, ही डायरी आहे. ज्याला अजून एका चालीत मात दिसत नाही त्याने आधी कोडी सोडवावीत, इथे यायची घाई नको. मोबाईलवर बघू नका, बाणांखाली मोहरी दिसत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, उद्या परत खेळायचं असतं त्याला, बाकीचे सात जण पण हेच व्हिडिओ बघू शकतात, तेव्हा ओपनिंगच्या तयारीबद्दल जे सांगतो ते त्याला सांगायचं तेवढंच असणार. ओपनिंगसाठी बघत असाल तर अपेक्षा कमी ठेवा. मधल्या डावासाठी बघा.

याच्याशी तुलना म्हणून एक दुसरी सिरीज मी पैसे भरून घेतली होती, नाव घेत नाही, एका बऱ्याच मोठ्या रेटिंगच्या खेळाडूची. स्वतःचेच डाव, पण प्रत्येक ठिकाणी 'इथे बेस्ट मूव्ह ही होती' म्हणून इंजिनची ओळ वाचायची आणि पुढे. मला काय ती ओळ वाचता येत नाही? बारा भाग बघितले आणि त्या माणसाला पटावर काय वाटत होतं ते एकदाही कळलं नाही. तिथे मला पक्कं समजलं की नाकामुराच्या व्हिडिओत मी नेमकं काय ऐकायला जाते.

माझ्या स्वतःच्या खेळावर काय परिणाम झाला ते सांगते. आता डाव संपला की इंजिन उघडायच्या आधी मी फोनवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करते, माझा छोटा रिकॅप. गेल्या महिन्यात हत्तींच्या शेवटच्या डावात माझ्याकडे मोकळं प्यादं होतं आणि मी हत्ती त्याच्या पुढे ठेवला, मागे ठेवायचा असतो हे पुस्तकातलं पहिलं वाक्य आहे, डाव ड्रॉ झाला. इंजिनने लाल खूण केली. मी स्वतःला म्हटलं की अगं नियम विसरलीस. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यात माझाच आवाज सांगतोय की मागून जायचं बघितलं होतं, पण तोपर्यंत समोरचीचा राजा प्याद्यापाशी पोचेल असं वाटलं म्हणून घाबरून पुढे आणला. नियम विसरलेच नव्हते! दिसलं होतं, भीती वाटली. एकदा इंजिन बघितलं की दहा मिनिटांत आपली आठवण पण बदलते, आपण आधीपासून काय विचार करत होतो तेच आपल्याला वेगळं आठवायला लागतं, म्हणून बोलून ठेवणं फार गरजेचं आहे. ती चाल आता वहीत तिसऱ्या रकान्यात आहे, त्या रकान्यात माझ्या सगळ्यात जास्त नोंदी आहेत.

पहिल्यांदा बघणार असाल तर टोरांटो 2024 पासून सुरू करा, दुसरा राउंड. आधी डाव लायचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर काढा, फुकट आहे, विश्लेषण बंद ठेवा, एच3 वर उंट येण्याच्या आधीच्या चालीला थांबा आणि पांढऱ्याकडून तुम्ही काय खेळला असता ते कागदावर लिहा. मग व्हिडिओ लावा.